खडीच्या पुलाखालची हाळी

१

आमच्या गावाहून मिरजेला जाणारा गाडीरस्ता एका रेल्वेच्या पुलाखालून जायचा. मिरजेची मोठी लाइन सोडून एक फाटा आमच्या शिवारातून डोंगरीच्या खाणीकडं गेला होता. त्याला लोक खडीची लाइन म्हणत. त्या गाडीतून माणूस कधी गेला नाही, फक्त खडी गेली. लढाईत सरकारला लोखंड कमी पडलं तेव्हा एकेचाळीस साली रूळ उपटून नेले. कुठल्या मुलखात नेऊन टाकले देव जाणे. स्लीपर गेले, सिग्नलचा खांबसुद्धा गेला. पूल तेवढा राहिला. वरून काही जायचं नाही आणि खालून तो कुणाला धड जाऊ द्यायचा नाही.

दोन दगडी भिंती, त्यावर दोन लोखंडी गर्डर, मधे नऊ फुटांची वाट. कडब्याची गाडी आली की वरच्या पेंढ्या गर्डरला घासून निम्म्या खाली. उसाच्या दिवसांत रोज कोणीतरी अडकलेला. त्यात रस्ता पुलाच्या दोन्ही अंगांना वळलेला आणि मातीचा भराव आडवा, त्यामुळं पलीकडून गाडी येते का नाही ते कळायचं नाही. दोन गाड्या आत समोरासमोर आल्या की संपलं. बैल मागं सरत नाही आणि मालक त्याहून नाही.

म्हणून तिथं एक रीत पडली होती. पुलात गाडी घालायच्या आधी हाळी द्यायची, "हाय का कोन?" पलीकडं गाडी असली तर तिकडून उत्तर यायचं, "हाय! थांब!" मग आपण थांबायचं. ती गाडी बाहेर पडली की तिचा मालक जाताजाता म्हणायचा, "मोकळं!" मग आपण जायचं. ज्यानं थांब म्हटलं त्यानंच मोकळं म्हणायचं. दुसऱ्यानं म्हटलेलं चालायचं नाही. मी पोरगा असल्यापासून हे ऐकत आलो. शाळेत चार वर्षं काढून मी जे शिकलो नाही ते हे असलं सगळं आपोआप शिकलो.

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी पूल काढायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडं आलं. मी रेल्वेच्या कामावर खलाशांचा मुकादम. हा खलाशी बोटीवरचा नव्हे. लोखंड उचलायचं आणि उतरवायचं, हे आमचं काम. बारा गावचे पूल काढले-घातले, पण आपल्या गावचं काम पहिल्यांदाच मिळालं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? कारण घरात माझी बायको साळू चौथ्या महिन्यात होती. आधीची दोन पोरं पोटातच गेली होती. मिरजेच्या डॉक्टरीणबाईनं मला समोर उभं करून सांगितलं होतं, "या खेपेला सुईण बोलवत बसू नका. कळ आली की गाडीत घालायची आणि थेट इकडं आणायची. एक तास उशीर करायचा नाही."

आणि मधे हा पूल.

पुलाच्या सावलीला रंगूबाई म्हणून एक म्हातारी शेरडं घेऊन बसायची. काम लागलं त्या दिवशी तिनं विचारलं, "नाथाजी, कवा मोकळी व्हायची रं तुझी बायकू?"

"भादव्यात."

"आनि रस्ता?"

"त्याच्या आदी मोकळा करतो बघ."

"बघू की," ती म्हणाली.

२

चैत्रात काम सुरू झालं. हाताखाली आठ माणसं. वर ओव्हरसियर विष्णुपंत, सांगलीचे. भरावावर छत्री उघडून बसायचे आणि तासातासाला विचारायचे, "नाथाजी, झालं का रे?" लोखंड म्हणजे काय चुलीवरचा भात आहे?

पहिलं काम रिवेटांचं, म्हणजे गर्डर जोडणाऱ्या लोखंडी खिळ्यांचं. छिन्नी धरायची, घण घालायचा, रिवेटाचं डोकं उडवायचं. ते डोकं सुटलं की बंदुकीच्या गोळीसारखं खाली जातं. बैलाच्या पाठीत बसलं तर बैल गेला. म्हणून मी गर्डरवर उभा राहायचो. वरून दोन्हीकडचा रस्ता दिसायचा. खालून हाळी आली, "हाय का कोन?" की मी वरून ओरडायचो, "हाय! थांब!" दिवसातून शंभर वेळा. घाव थांबले की गमचा हलवायचो. गाडीवान जायचा.

रंगूबाईला ते आवडायचं नाही. "मुकादम, तोंडानं म्हन की. हात काय हलवतूस माशा वारल्यागत?"

"दिसतंय की त्यास्नी."

"दिसन्याचं न्हाई रं ते. थांब म्हननारानं मोकळं म्हनायचं."

"म्हातारे, हे रेल्वेचं काम हाय. तू तुजी शेरडं राख."

महिनाभरात मी थांब किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. मोकळं एकदाही म्हटलं नाही. घसा काय फुकटचा आहे?

एका दुपारी आम्ही भाकरी खायला बसलो होतो. छिन्न्या खाली, घण खाली, सगळं शांत. मी तांब्या वर करून पाणी पीत होतो. मिरजेच्या अंगाकडून हाळी आली, "हाय का कोन?" आणि लगेच उत्तर गेलं, "हाय! थांब!"

गाडीची चाकं थांबल्याचं ऐकू आलं.

धुळा म्हणून आमच्यात एक खलाशी होता, तो म्हणाला, "आवं मुकादम, जेवनाची सुट्टी हाय. त्याला बिचाऱ्याला कशापायी अडवला?"

मी तांब्या खाली ठेवला. "म्या कुठं अडवला?"

"तुमीच म्हनलासा की."

"तोंडात पानी असताना?"

मग सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले आणि मग तांब्याकडं. धुळा हसला. ह्या धुळ्याला नकला करायची खोड होती. विष्णुपंतांची छत्री, माझी चाल, सगळं करून दाखवायचा. मी उठलो आणि त्याच्या पाठीत एक घातला. "माझी नक्कल करून गाड्या अडवतूस व्हय रं?"

"आईची आन मुकादम, मी न्हाई! माझ्या तोंडात तर घास हाय." त्यानं तोंड उघडून दाखवलं. घास होता.

मी वरूनच गमचा हलवला. गाडी गेली. मी ते डोक्यातून काढून टाकलं.

३

डोक्यातून काढलं तरी ते कानात राहिलं. दोन दिवसांनी मी धुळ्याला साखळी आणायला मिरजेला पाठवला, मुद्दाम. त्या दिवशी पुन्हा तेच. मी भरावाच्या मागं बसून जॅकला तेल घालत होतो. पुलाखालून आवाज आला, "हाय! थांब!" आवाज माझाच. अर्धवट चिडका, 'थांब'वर जोर दिलेला. मला माझा आवाज कळत नाही असं कुणी म्हणू नये.

मी खाली उतरलो. पुलाखाली कोणी नव्हतं. गर्डरच्या पोटाला पारव्यांची घरटी, भिंतीला ओल, गंजाचा वास. रिवेटांची डोकी उडवल्यावर राहिलेल्या भोकांतून वारा शिट्टी घालत होता. लोखंड आवाज करतं हे मला कुणी शिकवायला नको. उन्हात फुगतं, सांजेला आकसतं, कुईकुई करतं, कडकड करतं. पण लोखंड थांब म्हणत नाही.

मग म्हटलं, नाद घुमत असेल. दगडी भिंती आहेत, वर लोखंड आहे, आवाज फिरून येत असेल. पण नाद हा हाक मारणाऱ्याचीच हाक परत आणतो. गाडीवानानं "हाय का कोन?" म्हटलं तर "कोन? कोन?" यायला पाहिजे. इथं विचारणारा एक आणि सांगणारा दुसरा.

मी आत उभा राहून स्वतःच हाळी दिली, "हाय का कोन?"

काही नाही. वाऱ्याची शिट्टीसुद्धा बंद झाली असं वाटलं. मी तीन वेळा ओरडलो. तिन्ही वेळा माझी हाळी भिंतींमधून सरळ निघून गेली आणि पलीकडच्या रानात पडली. मग मला असा विचार आला की मलाच मी कशाला उत्तर देऊ? तो विचार मला आवडला नाही. मी वर गेलो आणि माणसांना उगीच शिव्या दिल्या.

भीती वाटली का, असं पुढं पुष्कळांनी विचारलं. भीती नाही वाटली. राग आला. माझ्या कामावर माझ्या आवाजात दुसरं कोणी हुकूम सोडतंय ह्याचा राग.

वैशाखाच्या शेवटी दोन्ही गर्डर जॅकवर घेऊन, खाली लाकडाचे ठोकळे रचून, इंचाइंचानं उतरवले. राहिल्या दगडी भिंती. त्या जुन्या, चुन्यात बांधलेल्या, पहारीला दाद देईनात. विष्णुपंतांनी सुरुंग मागवले.

पहिल्या सुरुंगाच्या दिवशी माझा धाकटा भाऊ ज्ञानू आईला घेऊन बाजारातून परत येत होता. मी भिंतीपाशी उभा. त्यानं रीतीप्रमाणं हाळी दिली. मी म्हटलं, "हाय! थांब!" तो थांबला. वात पेटली होती, पण पहिली वात ओली निघाली, वेळ लागला. मी मोकळं म्हणत नाही हे त्याला ठाऊक. त्याला वाटलं मी गमचा हलवायला विसरलो. त्यानं गाडी काढली. आणि सुरुंग उडाला. हंड्याएवढा धोंडा बैलाच्या नाकापुढं हातभरावर येऊन रुतला.

मी धावत गेलो आणि आईच्या देखत, माझ्या माणसांच्या देखत, ज्ञानूच्या थोबाडीत दिली. बावीस वर्षांचा मिशी फुटलेला गडी तो.

"म्या थांब म्हनलं की थांबायचं! म्या मोकळं म्हनस्तवर जाग्यावरनं हलायचं न्हाई. गाडीत कोन मरत असलं तरी हलायचं न्हाई! कळलं?"

"कळलं दादा," तो म्हणाला. गालावर हात ठेवून खाली मान घालून म्हणाला.

आई गाडीतून बोलली, "आरं, आसं वंगाळ कशाला बोलतूस?"

४

मृग निघायच्या आत काम संपलं. गर्डर गेले, भिंती गेल्या, भराव फोडून दोन्हीकडं माती ओढली, वळणं काढून रस्ता सरळ केला. ज्या माणसानं पूल बघितला नाही त्याला इथं काही होतं असं सांगितलं तर खोटं वाटावं. विष्णुपंतांनी नारळ फोडला. एक कडब्याची गाडी, नुसता डोंगर रचलेली, मधून गेली आणि एकही पेंढी पडली नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. साळू घरातून बघायला आली होती. पोट पुढं, पदर डोक्यावर. ती मला हळूच म्हणाली, "आता आमी लगेच पोचू, न्हाई वो?"

"एका तासात," मी म्हटलं.

चार दिवसांनी दुपारच्या वेळी मी तिकडून जात होतो. ऊन तापलेलं. रंगूबाईची शेरडं रस्त्याच्या मधोमध बसली होती. उघड्या रस्त्यात, उन्हात. ती अशी एका ओळीत आडवी बसली होती, जशी झाडाच्या सावलीत बसतात. इकडं कडेला बाभळ होती, खरी सावली होती, तिथं एक शेरडू नव्हतं.

मी ओळीच्या दोन्ही कडांवर खूण केली आणि पावलं टाकली. मी आयुष्यभर गर्डर मोजले आहेत. ती पट्टी पुलाच्या रुंदीची होती. इंच कमी नाही, इंच जास्त नाही.

रंगूबाई बाभळीखाली बसली होती. ती स्वतः त्या पट्टीत बसली नव्हती.

"जनावरांची सवं हाय ती," मी म्हटलं. "वरसभर तितंच बसलीत."

"ह्यातली निम्मी शेरडं परवाच्या बाजारातनं इकत घेतल्याली हायत, नाथाजी. त्यांनी पूल बगितला न्हाई."

मी ओळीतल्या शेरडांकडं परत बघितलं.

"गाडीवान बी थांबत्यात तितं," ती म्हणाली. "कवा कवा. येकटा असला तर. मग घाम पुसत जात्यात. तू येक काम कर. तितं हुबा ऱ्हा आनि येकदा मोकळं म्हन. लय न्हाई, येकदा. तू थांब म्हनून ठेवलंयास, ते तसंच ऱ्हायलंय."

"खुळी हाईस तू. कुनाला म्हनू? शेरडास्नी?"

"म्हन की रं बाबा. तुजं काय जातंय?"

माझं काहीच जात नव्हतं. एक शब्द. पण एका शेरडं राखणारीचं ऐकून भर दुपारी रिकाम्या रस्त्यात उभा राहून वाऱ्याला मोकळं म्हणणारा मी नव्हतो. पुढच्याच आठवड्यात मला कोरेगावकडं दुसऱ्या पुलाचं काम लागलं. निघताना ज्ञानूला सांगितलं, "कळा सुरू झाल्या की वाट बगू नगंस. गाडी जुप आनि थेट मिरज. आता रस्ता मोकळा हाय."

"व्हय दादा," तो म्हणाला.

५

भादव्यात मी रजा टाकून निघालो. साळूचे दिवस भरत आले होते, बाळंतपणाला जवळ असावं म्हणून. सकाळी कोरेगावच्या स्टेशनात चहा घेतला, गाडी पकडली, दुपार कलता मिरजेला उतरलो. हे मी मुद्दाम सांगतो. सकाळी मी कोरेगावात होतो.

मिरजेहून चालत निघालो. झिमझिम लागली होती. पावसाळ्यात त्या रस्त्याला चिटपाखरू नसतं, काळ्या मातीत चाक रुततं. पुलाच्या जागेच्या अलीकडं आलो तेव्हा समोर एक छपराची गाडी रस्त्यात उभी दिसली, तोंड माझ्याकडं. बैल आमचे. धावड्या आणि हरण्या. गाडीच्या पुढ्यात ज्ञानू बसलेला, डोक्यावर पोत्याची खोळ.

मी म्हटलं बरं झालं, वाटेतच गाठ पडली. हात वर केला.

ज्ञानूनं हात वर केला नाही. तो माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या तोंडावर असा राग होता, जो मी त्याच्या तोंडावर जन्मात बघितला नव्हता.

"झालं का तुजं?" तो ओरडला. "म्हन की आता तरी!"

"काय म्हनू?"

"मोकळं म्हन! सकाळधरनं थांब म्हनतूयास. कोंबडं आरवायला निगालोय आमी. वैनी आत मरायला लागलीया आनि तू पल्याडनं, पावसात दिसत बी न्हाईस, नुसतं थांब, थांब! तीनदा गाडी काडली, तीनदा तू वरडलास. काय सुरुंग लावलायस काय?"

"ज्ञानू, म्या आत्ता रेल्वेतनं उतरलोय."

"खोटं बोलू नगंस, दादा!"

छपराच्या आतून आईचा आवाज आला. ती रडत होती. "नाथ्या, पोटच्या पोराचा आवाज आई वळकत न्हाई व्हय रं? कशापायी थांबवलंस रं आमाला?"

मी खाली बघितलं. माझ्या पायाखाली चिखल होता. बैलांच्या पायाखालीही चिखल होता, खुरांनी तुडवून खळगा झालेला, म्हणजे ते तिथं लय वेळ उभे होते. आणि मधे, माझ्या आणि बैलांच्या मधे, रस्त्यावर आडवी एक पट्टी कोरडी होती. नुसती कोरडी धूळ. पाऊस इकडं पडत होता, तिकडं पडत होता. मधल्या पट्टीत पडत नव्हता.

मी त्या पट्टीतून धावलो. आत शिरल्यावर झिमझिमीचा आवाज बंद झाला आणि अंगाला गारवा लागला. गंजाचा वास आला. वर बघायचं होतं, नाही बघितलं. पलीकडं पोचलो, छपरात वाकलो.

साळू गोधडीवर होती. तोंड पांढरं. हाताच्या मुठीत गाडीचा खुंटा धरलेला, बोटं सुटत नव्हती. मला बघून तिनं डोळे उघडले. तिला माझा राग आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं.

"आवं," ती म्हणाली, "किती येळ लावलासा. तुमी थांब म्हनलासा, म्हनून मी बी थांबले."

मी बैलांची वेसण धरली आणि ओढलं. ज्ञानूनं आसूड घातला. बैल मान खाली घालून उभे. जसे पूल असताना शिंगं लागू नयेत म्हणून मान खाली घालायचे, तसे. मी घसा फोडून ओरडलो, "मोकळं! मोकळं! मोकळं!" तेव्हा ते हलले. का माझ्या ओरडण्यानं हलले, का ओढल्यानं, मला आजही सांगता येत नाही.

दवाखान्याच्या दारात गाडी लागली तेव्हा दिवे लावत होते. डॉक्टरीणबाईनं नाडी बघितली आणि छपराबाहेर येऊन मला विचारलं, "किती वाजता निघालात घरून?"

मी ज्ञानूकडं बघितलं. ज्ञानूनं माझ्याकडं बघितलं.

"बाई, ती मोकळी झाली का?" आईनं विचारलं. साळू गेली होती, हे तिला कळलं नव्हतं.

६

ज्ञानू पुढं तीस वर्षं जगला. माझ्याशी बोलला नाही. मी तिकीट दाखवायला नेलं होतं, कोरेगावचं. त्यानं बघितलंसुद्धा नाही. आई मात्र एकदा म्हणाली, "नाथ्या, तुजं खरं आसंल. पर आवाज तुजाच हुता." आणि ते तिचंही खरं होतं.

मी पुढची पन्नास वर्षं दर अमावास्येला, मग दर आठवड्याला, मग नोकरी सुटल्यावर रोज त्या जागी गेलो. भर दिवसा जायचो. उभं राहायचो आणि म्हणायचो, "मोकळं." रंगूबाई होती तोवर ती बाभळीखालून बघायची. मेली त्या वर्षी म्हणाली, "आता काय उपेग न्हाई रं. येळच्या येळी म्हनायचं असतंय त्ये." डांबरी सडक झाली, एसटी सुरू झाली. डांबराला तिथं भेगा पडत नाहीत, खड्डा पडत नाही. इकडं-तिकडं चाळण झाली आहे, तेवढी पट्टी नव्यासारखी. ड्रायव्हर तिथं गाडी हळू करतात. एकाला विचारलं, का रं? म्हणाला, "काय म्हाईत आजोबा. पाय आपोआप ब्रेकवर जातुय."

एक गोष्ट मी कधी केली नव्हती. त्या दिवसापासून तिथं हाळी दिली नव्हती. मोकळं म्हणायचो, पण विचारायचो नाही.

परवाच्या भादव्यात झिमझिम होती. एसटी गेली, मागं रस्ता रिकामा झाला. मी गावाकडच्या बाजूला होतो, ज्ञानूची गाडी जिथं उभी होती तिथं. पट्टी कोरडी होती. का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

"हाय का कोन?"

पन्नास वर्षांपूर्वी त्या जागेनं मला उत्तर दिलं नव्हतं. आता दिलं.

"हाय! थांब!"

तरुण, चिडका, 'थांब'वर जोर दिलेला. मला आता तसा आवाज काढता येत नाही. माझ्या तोंडात दात नाहीत.

मी पट्टीकडं बघितलं. पूर्ण काही दिसलं असं मी म्हणणार नाही. पावसाच्या धारांच्या मधे जिथं धार नव्हती तिथं अंधार होता, आणि अंधारात गाडीच्या छपराची मागची कड. तिथून एक हात बाहेर आलेला. हिरव्या बांगड्या. बोटांनी खुंटा धरलेला, घट्ट, अजून धरलेला.

"साळू!" मी म्हटलं.

हाताची बोटं थोडी सैल झाली. म्हणजे तिला ऐकू आलं. ती सोडणार होती. मी लगेच म्हटलं, "मोकळं! साळू, मोकळं हाय!"

"थांब!" तो म्हणाला.

बोटं पुन्हा आवळली.

"मोकळं!"

"थांब!"

मी म्हटलं, अरे, ज्यानं थांब म्हटलं त्यानंच मोकळं म्हणायचं, आणि तो मीच आहे, मी म्हणतोय. तो म्हणाला, थांब. मी शिव्या दिल्या, हात जोडले, चिखलात बसलो. पलीकडून दुसरी एसटी आली, वेग कमी करून मधून निघून गेली, खिडकीतून कोणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं. हात तिथंच होता. दिवस मावळेपर्यंत आमचं दोघांचं चाललं होतं, माझं मोकळं आणि त्याचं थांब.

शेवटी माझा घसा बसला. त्याचा बसला नाही.